भूत शोधायला जाण्याआधी

"ताई, मशीन कुठलं घेऊ?" या कामात नव्याने येऊ पाहणाऱ्या मुलामुलींचा पहिला मेसेज बहुतेक हाच असतो. दुसरा असतो, "येऊरला कधी जायचं?" आणि ओळख थोडी वाढली की जरा धीर करून तिसरा येतो, "आपल्या मागे काही लागून घरी येतं का हो?"

तिन्ही प्रश्न मीही विचारले होते. मी ठाण्याची, वर्तकनगरात वाढले. ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलातल्या रस्त्यावर दिसणाऱ्या पांढऱ्या साडीतल्या बाईची गोष्ट आम्ही शाळेत मधल्या सुट्टीत सांगायचो. घरी आजी मुंजा, हडळ, खवीस, चकवा यांच्याबद्दल इतक्या सहज बोलायची, जणू चाळीतले शेजारीच. भूत असतं की नसतं हे मला मनापासून जाणून घ्यायचं होतं. अजूनही घ्यायचंय. त्या ओढीनेच मी एका छोट्या गटात शिरले. रविवारी संध्याकाळी आम्ही तलावपाळीवर भेटायचो. गटात सगळ्यात अनुभवी होते ते एक निवृत्त वायरमन. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. मी मशीनचं विचारलं तेव्हा त्यांनी उलट मलाच विचारलं, "आधी सांग, घाबरलंय कोण?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, घोडबंदर रोडला एक बंद पडलेला बंगला आहे, तिथे म्हणे... काकांनी हात वर केला. "तिथे राहतं कोण? कोणीच नाही ना? मग कोणाच्या सांगण्यावरून तपास करणार? जिथे कोणी घाबरलेलं नाही तिथे तपासायला काही नसतं. तिथे फक्त फिरायला जाता येतं."

त्यांच्या या एका वाक्याने माझं काम करणंच बदललं. पडक्या जागेत शिरून रात्र काढायची, हीच भूत शोधण्याची पद्धत असं बहुतेकांना वाटतं. खरा तपास मात्र एखाद्या घाबरलेल्या माणसाच्या घरी, दिवसाढवळ्या, चहा पिता पिता सुरू होतो. रात्र अगदी शेवटी येते, आणि पुष्कळदा तिची गरजही पडत नाही.

आधी येऊरचं सांगते, कारण तो प्रश्न थांबत नाही. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. अंधार पडल्यावर जंगलात शिरायला बंदी आहे आणि तिथे बिबटे आहेत. ही गोष्ट नाही, वस्तुस्थिती आहे. पाड्यांवरची माणसं रात्री ज्याला भितात तो बिबट्याच. त्यांच्या दारासमोरून टॉर्च मारत, आरडाओरडा करत जाणाऱ्या शहरी पोरांचा त्यांना किती त्रास होतो, तेही जरा विचारून बघा. बंद बंगला किंवा ओसाड कारखाना असेल, तर मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकणं म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गुन्हेगारी अतिक्रमण ठरू शकतं. सडलेला जिना, गंजलेल्या सळया, साप आणि तिथे दारू प्यायला बसलेली माणसं हे धोके वेगळेच. मुली मला हमखास विचारतात, "बाईमाणसाने रात्री जावं का?" माझं उत्तर बाईला आणि पुरुषाला एकच आहे: एकट्याने नाही, परवानगीशिवाय नाही, आणि घरी पत्ता व परतायची वेळ सांगितल्याशिवाय नाही.

येऊरच्या चकव्याचा मात्र मी खूप विचार केलाय. जंगलात शिरलेला माणूस सरळ चालतोय असं समजून तासभर चालतो आणि पुन्हा त्याच झाडाशी येतो. आजी सांगायची, चकवा लागला की खाली बसावं, चप्पल उलटी घालावी. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी काही माणसांना जीपीएस लावून मोठ्या जंगलात सरळ चालायला सांगितलं. ज्यांना सूर्य दिसत होता ती बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरलेलं असताना चाललेली मात्र गोल फिरू लागली, स्वतःचीच वाट ओलांडून पुढे गेली, आणि आपण वळतोय हे त्यांना कळलंही नाही. हे वाचलं तेव्हा मला आजीचा फार अभिमान वाटला. तिची माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांचा अनुभव खरा होता, आणि खाली बसून दम घेण्याचा सल्लाही योग्यच होता.

आता ज्या घरात मी हे काम खऱ्या अर्थाने शिकले, त्या घराबद्दल.

मैत्रिणीची मावशी नेरूळला सिडकोने बांधलेल्या एका जुन्या इमारतीत राहते. सगळ्यात वरचा मजला. आदल्या हिवाळ्यात मावशींचे यजमान गेले. घरात मुलगा आणि सून. मैत्रिणीचा फोन आला तो घाबरूनच. पहाटे भिंतीतून कोणीतरी ठोके मारतं, सुनेला बाथरूमपाशी अंग जड होऊन चक्कर येते, रात्री खाडीच्या बाजूने बाई रडल्याचा आवाज येतो, आणि मावशी म्हणतात की गेलेले यजमान संध्याकाळी पलंगाच्या कडेला येऊन बसतात. एका नातेवाइकाने पनवेलकडच्या कुठल्याशा भगताचा नंबरही देऊन ठेवला होता.

पहिल्या भेटीत आम्ही एकही यंत्र नेलं नाही. तिघांशी वेगवेगळं बोललो. ही गोष्ट नवख्यांना जड जाते, पण तिला पर्याय नाही. एकत्र बसवलं की सगळ्यात ठामपणे बोलणाऱ्याची हकिगत बाकीच्यांची होऊन जाते. प्रश्नही मोकळे ठेवायचे. "ठोके तीनदा पडतात का?" असं विचारलं की उत्तर "हो, तीनदाच" असंच येणार. "काय ऐकू येतं ते सांगा," एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. मग झोप किती लागते, गोळ्या कुठल्या चालू आहेत, घरात अलीकडे काय दुरुस्ती झाली, कोण गेलं, कोण आलं. शेवटी मावशींना एक वही दिली: जे होईल ते वेळेसकट लिहायचं, पंधरवडाभर.

त्या वहीनेच अर्धं काम केलं. ठोके चार वाजून काही मिनिटांनीच पडत होते, फक्त सोमवारी त्या वेळेला नाही. सुनेची चक्कर सकाळी आंघोळीच्या वेळेची होती, आणि माहेरी गेली तेव्हा ती आलीच नव्हती.

दुसऱ्या भेटीला काका सोबत होते आणि आम्ही दुपारी गेलो. काकांनी आधी बाथरूम बघितलं. गॅस गीझर आतच बसवलेला. खिडकीला कबुतरं येतात म्हणून तिच्या काचांच्या फटीत पुठ्ठा कोंबून वरून चिकटपट्टी मारलेली, आणि त्या पट्टीवर काळपट पूड साचलेली. काकांनी पिशवीतून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म काढला, दार लावून गीझर चालू केला आणि आम्ही दाराच्या फटीतून आकडा बघत उभे राहिलो. तो चढतच गेला. काकांनी गीझर बंद केला, आत हात घालून पुठ्ठा ओरबाडून काढला आणि सुनेला म्हणाले, "पोरी, आजपासून हा चालवायचा नाही. बादलीत रॉड लावून पाणी तापव, पण हा नाही."

कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. डोकं दुखतं, अंग जड होतं, मळमळतं, आणि जास्त झालं तर माणूस जिवानिशी जातो. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे आपल्याकडे असे मृत्यू झालेले आहेत. भुताशीही याचा जुना संबंध आहे. १९२१ साली एका अमेरिकन नेत्रवैद्यक नियतकालिकात विल्मर नावाच्या डॉक्टरने एका कुटुंबाची हकिगत छापली होती. नव्या घरात गेल्यापासून त्यांना पावलांचे आवाज येत होते, माणसं दिसत होती, छातीवर दाब जाणवत होता. शेवटी कळलं की घर तापवायची भट्टी नादुरुस्त होती आणि तिचा धूर घरात पसरत होता. म्हणून "मशीन कुठलं घेऊ" याचं माझं उत्तर आता ठरलेलं आहे. पहिलं मशीन कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. दुसरं वही आणि घड्याळ. बाकीचं नंतर.

बाकीच्यात सगळ्यांना हवा असतो तो ईएमएफ मीटर, रांगेत दिवे लागणारा. तो भुतासाठी बनवलेला नाही. घरातलं वायरिंग आणि उपकरणं यांच्याभोवतीचं विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजायचं ते साधन आहे. खिशातल्या मोबाइलनेही त्याचे दिवे लागतात, म्हणून आधी सगळे फोन फ्लाइट मोडवर टाकायचे. मग दिवसा खोलीभर फिरून कुठे किती आकडा आहे याचा कागदावर नकाशा काढायचा. हा नकाशा नसेल तर रात्री लागलेल्या दिव्याला काही अर्थ नाही.

मावशींच्या खोलीत पलंगाच्या उशाशी मीटर शांत होता. त्या रात्री आम्ही तिथे बसलो. पहाटे चार वाजता उशाकडचे दिवे एकदम लाल झाले. माझ्या हातावर काटा आला, खोटं कशाला सांगू. काही मिनिटं दिवे तसेच होते, मग ते विझले, आणि भिंतीतून ठक, ठक, ठक, खालून वर सरकत गेल्यासारखे ठोके. असा व्हिडिओ कोणी पाठवला तर तो पाहणाऱ्या दहापैकी नऊ जण हात जोडतील. काका उठले, भिंतीला कान लावला, आणि वॉचमनला फोन केला, "पंप आत्ताच बंद झाला का?" झाला होता. तो रोज चारला गच्चीवरच्या टाकीसाठी पंप लावायचा. सोमवारी त्याची सुट्टी, त्या दिवशी बदली वॉचमन सहाला लावायचा. पंपाची जुनी वायर उशामागच्या डक्टमधून गेलेली, फेज एका बाजूने आणि न्यूट्रल दुसऱ्या बाजूने. दोन्ही जवळ असत्या तर एकमेकींचं क्षेत्र मारलं गेलं असतं. लांब लांब असल्यामुळे ते खोलीत पसरत होतं. पंप बंद झाला की चढलेलं पाणी मागे येऊन व्हॉल्व्हवर आदळायचं आणि पाइप भिंतीत ठोके द्यायचा.

तेवढ्यावर काकांनी सोडलं नाही. दुपारी पुन्हा पंप लावायला सांगितला. उजेडात, सगळ्यांच्या समोर, तेच दिवे आणि तेच ठोके. कारण सुचणं वेगळं आणि ते पुन्हा घडवून दाखवणं वेगळं. हा फरक मी त्या दुपारी शिकले.

रडण्याचा आवाज रेकॉर्डरवर आला होता. त्यावरूनच रेकॉर्डिंगचं सांगते. १९५९ साली स्वीडनमध्ये फ्रीडरिख युर्गेनसन पक्ष्यांचे आवाज टेपवर घेत होता, त्यात त्याला माणसांचे आवाज ऐकू आले, आणि तिथून मेलेल्यांचे आवाज टेपवर पकडण्याच्या प्रकाराने जोर धरला. नवीन मुलं रेकॉर्डिंग दहा वेळा ऐकतात आणि अकराव्यांदा त्यात कोणीतरी "जा" म्हणालेलं असतं. मेंदू खरखरीतही शब्द शोधतो, तो त्याचा स्वभाव आहे. म्हणून काही नियम आम्ही पाळतो. दोन रेकॉर्डर दोन कोपऱ्यांत ठेवायचे. आपल्या हातून झालेला प्रत्येक आवाज तिथल्या तिथे बोलून नोंदवायचा, "हे मी खोकले," "ही खुर्ची सरकली." फाइल दाबून लहान न करता पूर्ण ठेवायची. आणि दुसऱ्याला ऐकवताना त्यात काय ऐकू येतं हे आधी सांगायचं नाही. चार जणांनी चार वेगळे शब्द सांगितले तर तो शब्द नाही.

मावशींच्या खिडकीतलं रडणं मी करावे गावातल्या एका मासेमारी करणाऱ्या आजोबांना ऐकवलं. काही न सांगता फोन कानाला दिला. त्यांनी दोन सेकंदांत परत केला. "कोल्हा हाय." नवी मुंबईच्या खारफुटीत सोनेरी कोल्हे आहेत, हे पाम बीच रोडने रोज येणाऱ्या-जाणाऱ्या कितीतरी लोकांना माहीत नसतं. ठाण्याच्या बाजूला हेच काम गव्हाणी घुबड करतं. त्याची किंचाळी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला माणसाचीच वाटते.

फोटोंतल्या गोल ठिपक्यांबद्दल थोडक्यात. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे लेन्ससमोरची धूळ आणि पाण्याचे कण चमकून मोठे, धूसर गोळे दिसतात. पावसाळ्यात जास्त. खात्री करायची तर जुनी गोधडी झटकून फ्लॅश मारा. रात्री तीनच्या मुहूर्ताचंही तसंच. त्या वेळेत काही खास नाही, माणूस मात्र सगळ्यात थकलेला असतो. झोपेतून अर्धवट जाग येते, हातपाय हलत नाहीत, छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतं. याला निद्रापक्षाघात म्हणतात. तो बऱ्याच जणांना कधी ना कधी येतो आणि काही सेकंदांत किंवा मिनिटांत जातो.

ऐकूही न येणाऱ्या खालच्या सुराने भास होतात का, असं पुष्कळ विचारतात. इंग्लंडमधल्या व्हिक टँडी नावाच्या अभियंत्याला प्रयोगशाळेत एका रात्री डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं. नव्या एक्झॉस्ट फॅनमुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झची लहर उभी राहत होती. १९९८ साली त्याने ते प्रसिद्ध केलं. गोष्ट फार सुंदर आहे, पण लगेच सगळीकडे लावू नका. पुढे लंडनमध्ये मुद्दाम अशी लहर आणि विद्युतचुंबकीय क्षेत्र सोडून एक खोली तयार केली होती. लोकांना चित्रविचित्र अनुभव आले, पण लहर चालू असण्या-नसण्याशी त्यांचा मेळ बसला नाही. इथे काहीतरी वाटेल असं आधी सांगितलेलं असणं हेच पुरेसं होतं, असा संशोधकांचा अंदाज. म्हणून आम्ही कोणत्याही घरात शिरताना तिथल्या गोष्टी गटातल्या एका माणसाला सांगतच नाही. तो कोरा राहतो, आणि त्याला काय जाणवलं ते शेवटी विचारतो.

आता पलंगाच्या कडेला बसणारे मावशींचे यजमान. पुठ्ठा निघाला, गीझर गेला, पंपाच्या पाइपला नवा व्हॉल्व्ह बसला. सुनेची चक्कर थांबली, ठोके थांबले. यजमानांचं येणं मात्र थांबलं नाही. दिवेलागणीला गादी थोडी दबते, आणि त्यांच्या केसांच्या तेलाचा वास येतो. मी तिथे बसले होते तेव्हा मला ना गादी दबलेली दिसली ना वास आला. वायरमन काकांनी पलंग, खिडकी, शेजारच्यांचं स्वयंपाकघर सगळं बघितलं. कारण सापडलं नाही.

मी मावशींना विचारलं, "भीती वाटते का?"

"त्यांची कसली भीती गं?" त्या म्हणाल्या. "ठोक्यांची वाटायची. मला वाटलं, ते रागावून भिंत बडवतात. ते गेलं ते बरं झालं. पण यांना घालवू नका हं."

१९७१ साली वेल्समधल्या एका डॉक्टरने, डेवी रीस यांनी, जोडीदार गमावलेल्या २९३ जणांशी बोलून एक अभ्यास छापला. त्यातल्या जवळपास निम्म्यांना गेलेला माणूस जवळ असल्याचं जाणवलं होतं, काहींना दिसला होता, ऐकू आला होता. बहुतेकांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि पुष्कळांना त्याने आधार वाटला होता. हे मी मावशींना वाचून दाखवलं. अहवालात ठोके, चक्कर आणि रडणं यांच्यापुढे कारणं लिहिली आणि या नोंदीपुढे "कारण सापडलं नाही" एवढंच. "भूत आहे" असं लिहिलं नाही, "भास आहे" असंही नाही. दोन्हींपैकी काहीही म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही.

आणि भगताला बोलावण्याबद्दल सांगायचं राहिलं. याबाबतीत मी अजिबात मवाळ नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. तपासाला गेलेल्या घरात असं काही दिसलं तर रेकॉर्डर बाजूला ठेवा आणि पोलिसांना फोन करा. तसंच, कोणी स्वतःला इजा करायच्या गोष्टी बोलत असेल, कोणाला सतत आज्ञा देणारे आवाज ऐकू येत असतील, तर तो आपला विषय राहत नाही. त्या माणसाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणाऱ्या नातेवाइकाला मदत करायची. आणि कोणाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत, प्रवासखर्चसुद्धा नाही.

"मागे लागून घरी येतं का?" येते ती भीती. रात्रभर जागून, उपाशी, कान टवकारून बसलेलं शरीर घरी आल्यावरही दोन दिवस पानाच्या सळसळीने दचकतं. जेवून जा, झोप पुरी करा, परत आल्यावर गटातल्या कोणाशी तरी बोला. कोणाला निघताना देवाला नमस्कार करावासा वाटला तर करू द्या. आमच्यात दोघं मारुतीस्तोत्र म्हणतात, एक काहीच म्हणत नाही, तिघंही चांगले तपासनीस आहेत.

सुरुवात करायची असेल तर स्वतःच्या घरापासून करा. एक रात्र हॉलमध्ये रेकॉर्डर चालू ठेवून झोपा आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं, कंटाळा आला तरी, ऐका. प्रत्येक आवाजापुढे त्याचं नाव लिहा: लिफ्ट, फ्रिज, वरच्यांचा पाट, पहाटेची पहिली लोकल, दूधवाल्याचा क्रेट. ज्याचं नाव सापडणार नाही त्याच्यापुढे जागा कोरी सोडा आणि दुसऱ्या रात्री त्याच वेळेला उठून बघा. ती यादी घेऊन रविवारी तलावपाळीवर या. मशीनचं मग बोलू.